कुठे आणि किती: जॉयस्टिक समजून घेताना

उन्हाळ्यात टेक्सासमधल्या फ्रिस्कोत पारा शंभर फॅरनहाइटच्या वर गेला की भारतातून आलेल्या आईबाबांना दुपारी कुठे न्यायचं, हा इथल्या मराठी घरांतला नेहमीचा प्रश्न. मंदिर होतं, मॉल होतो, डॅलस बघून होतं. त्यानंतर कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: डॅलस पार्कवेवर फ्रिस्को डिस्कव्हरी सेंटरमध्ये असलेलं नॅशनल व्हिडिओगेम म्युझियम. जॉन हार्डी, शॉन केली आणि जो सँटुली या तीन संग्राहकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या वस्तूंमधून ते उभं राहिलं आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लोकांसाठी उघडलं. जुनी यंत्रं तिथे नुसती काचेआड ठेवलेली नाहीत. बरीचशी हातात घेऊन खेळता येतात.

तिथे जाल तेव्हा पडद्यांकडे थोडं कमी आणि हातात येणाऱ्या दांड्यांकडे थोडं जास्त लक्ष द्या. जॉयस्टिक हे मुलांचं खेळणं आहे असं आपण समजतो. पण तीच दांडी आजोबांच्या इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर असते, मुंबईहून नागपूरला नेणाऱ्या विमानात असते आणि गावाकडे विहीर खणणाऱ्या पोकलेनमध्येही असते. विकत घेताना, दुरुस्त करताना किंवा नुसती वापरताना ती कशी चालते हे माहीत असेल तर पैसेही वाचतात आणि काही वेळा अपघातही टळतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स शिकायला नको. कोणतीही दांडी हातात आली की एवढंच तपासायचं: ही यंत्राला फक्त ‘कुठे’ एवढं सांगते, की ‘किती’ हेही सांगते?

सुरुवात 1972 पासून करा. त्या वर्षी आलेला मॅग्नावॉक्स ओडिसी हा घरी टीव्हीला जोडायचा पहिला व्हिडिओ गेम. त्यामागची कल्पना राल्फ बेअर यांची. त्याच्या कंट्रोलरला दांडी नाहीच, फिरवायची गोल बटणं आहेत. एकाने पडद्यावरचा ठिपका वर-खाली जातो, दुसऱ्याने डावी-उजवीकडे. त्याच वर्षी आलेल्या अटारीच्या पाँगमध्येही असंच गोल बटण होतं. फ्रिस्कोच्या म्युझियममध्ये पाँगची माणसाहून उंच, खेळता येणारी प्रतिकृती आहे. ज्येष्ठांना आधी तिथेच उभं करा. बटण फिरवलं की फळी हलते, थोडं फिरवलं की थोडी, जास्त फिरवलं की जास्त. नियम समजावून सांगावे लागत नाहीत. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण ज्याने फिरवलं आहे त्याच्या बोटांना हे आधीच ठाऊक असतं, कारण आत तोच भाग असतो: पोटेन्शिओमीटर. कार्बनचा थर दिलेली पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा धातूचा स्पर्शक. स्पर्शक जिथे असेल त्याप्रमाणे विजेचा दाब बदलतो आणि यंत्राला ‘किती’ ते कळतं.

ओडिसीची दोन हातांनी फिरवायची दोन बटणं एका दांडीत आणली तर जॉयस्टिक होते. पण घराघरांत पोहोचलेली पहिली जॉयस्टिक याहून साधी निघाली. 1977 मध्ये अटारी 2600 आला. त्याची काळी चौकोनी बैठक, मधोमध रबरी आवरणाची दांडी आणि कोपऱ्यात एकच लालसर बटण, हे चित्र आजही जॉयस्टिकची खूण म्हणून वापरलं जातं. ती उघडली तर आत एक छोटी पट्टी आणि पाच बटणं दिसतात: चार दिशांची चार आणि गोळी झाडण्याचं एक. दांडी उजवीकडे कलली की तिच्या खालचा भाग उजवीकडचं बटण दाबतो, वायर जोडली जाते आणि यंत्राला ‘उजवीकडे’ एवढंच समजतं. हळू ढकला की जोरात, फरक शून्य. तिरकं जायचं तर शेजारची दोन बटणं एकदम दाबली जातात, म्हणून चार बटणांतून आठ दिशा मिळतात. नऊ पिनांच्या त्या जोडणीतल्या फक्त सहा पिना या जॉयस्टिकला लागतात: पाच बटणांच्या पाच आणि एक सामाईक. इतकी सोपी रचना असल्यामुळे पुढे कमोडोर 64 आणि अमिगानेही तीच जोडणी स्वीकारली. आजही एखादी बिघडली तर स्क्रूड्रायव्हर आणि थोडा धीर एवढ्यावर घरी दुरुस्त होते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिलं यंत्र उघडून दाखवायचं असेल तर याहून चांगलं दुसरं मी सुचवणार नाही.

म्युझियमच्या आतच पिक्सेल ड्रीम्स नावाचं ऐंशीच्या दशकातलं आर्केड उभारलेलं आहे. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांची सुट्टी गेली त्यांना तिथला टोकनचा आवाज ओळखीचा वाटेल. आर्केडच्या दांडीतही चार स्विच असतात, पण मायक्रोस्विच: कट्ट आवाज करणारे, लाखो वेळा दाबले तरी टिकणारे. नवखे खेळाडू दांडी मुठीत घट्ट धरतात आणि दहा मिनिटांत मनगट दुखायला लागतं. मूठ नको. अंगठा आणि दोन बोटांनी दांडीचा गोळा हलकेच धरा, मनगट टेकलेलं असू द्या. स्विचवाल्या दांडीला जोर कळतच नाही, मग तो लावायचा कशाला?

आणखी एक बघण्यासारखं. 1980 च्या पॅक-मॅनमध्ये वर, खाली, डावीकडे, उजवीकडे याखेरीज वाट नाही, म्हणून त्याची दांडी चारच दिशांना जाते. दांडीच्या मुळाशी एक पट्टी असते, तिला गेट म्हणतात. त्या पट्टीतल्या भोकाचा आकार ठरवतो की दांडी तिरकी जाऊ शकेल की नाही. लढाईच्या खेळांना तिरक्या दिशा लागतात, तिथे आठ दिशांचं गेट असतं. घरी बसवायला जुन्या खेळांचं छोटं आर्केड यंत्र घेणार असाल तर विक्रेत्याला हे नक्की विचारा. आठ दिशांच्या दांडीवर पॅक-मॅन खेळलात तर वळणावर तो चुकीच्या गल्लीत जाईल, आणि मुलं म्हणतील की आजोबांना खेळता येत नाही. काही दांड्यांचं गेट फिरवून चार किंवा आठ करता येतं. घ्यायची तर तशी घ्या.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात आपण सामुराई, मीडिया अशा नावांच्या डब्यांवर मारिओ आणि काँट्रा खेळलो तेव्हा हातात दांडी नव्हती. अधिकाचं चिन्ह असलेला पॅड होता, ज्याला आपण सगळे ‘रिमोट’ म्हणायचो. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी 1982 मध्ये डाँकी काँग या हातात धरून खेळायच्या खेळासाठी तो आणला. आतून तो अटारीच्या दांडीचा सख्खा भाऊ: चार दिशा, चार स्विच, ‘किती’ नाही. पुढे खेळ सपाट पडद्यातून त्रिमितीत शिरले, पात्राला कधी चालायला तर कधी धावायला लावायची गरज पडली, आणि ‘किती’ सांगणारी दांडी परत आली. 1996 च्या निन्टेन्डो 64 वर ती अंगठ्याखाली आली, 1997 मध्ये सोनीने दोन अंगठ्यांसाठी दोन दांड्या दिल्या. आज घरात जो कंट्रोलर आहे तो याच घराण्यातला.

त्या अंगठ्याखालच्या दांडीच्या आत दोन कमानी एकमेकींना काटकोनात बसवलेल्या असतात. डावी-उजवी हालचाल एक कमान झेलते, पुढे-मागे दुसरी. प्रत्येक कमानीला एक पोटेन्शिओमीटर आणि दांडी मध्यावर आणायला स्प्रिंग. हे मुलांना डोळ्यांनी दाखवायचं असेल तर आर्डुइनो उनो आणि जॉयस्टिकचं छोटं मॉड्यूल आणा. मॉड्यूलला पाच पिना असतात: दोन वीजपुरवठ्याच्या, एक आडव्या अक्षाची, एक उभ्या अक्षाची आणि एक दांडी दाबल्यावर चालणाऱ्या स्विचची. दोन्ही अक्ष ॲनालॉग पिनांना जोडून आकडे पडद्यावर उमटवा. एका टोकाला 0, दुसऱ्या टोकाला 1023. मध्यावर 512 यायला हवा, पण येतो 505, 520 असा काहीतरी, आणि दांडी हलवून सोडली की दर वेळी थोडा वेगळा. मुलांना हा आकडा चुकलेला वाटतो. तिथेच थांबून त्यांना सांगा की कुठलीही दांडी अगदी मध्यावर परत येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर मध्याभोवतीचा थोडा भाग शून्यच मानतं. त्याला डेड झोन म्हणतात. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये हा शब्द दिसला की आता घाबरायचं कारण नाही.

याच जागी सगळ्यात जास्त तक्रार उगवते: हात न लावता पात्र आपोआप चालायला लागतं, कॅमेरा एका बाजूला सरकत राहतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. कार्बनच्या थरावरून स्पर्शक हजारो वेळा घासला गेला की थर झिजतो, धूळ आत जाते, स्प्रिंग सैल होते. लगेच नवा कंट्रोलर मागवू नका. आधी खात्री करा. विंडोजच्या संगणकाला कंट्रोलर जोडा, शोधपट्टीत ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ शोधा, आणि दांडी सोडलेली असताना खूण मध्यावर थांबते का ते बघा. सगळीकडे फिरवा आणि सोडा, असं चारही बाजूंनी. खूण थोडीच ढळत असेल तर कॅलिब्रेशन करा आणि डेड झोन किंचित वाढवा. पण किंचितच. तो फार वाढवला तर बारीक हालचाली मरतात आणि नेम लागत नाही.

त्यानेही भागलं नाही तर आधी वॉरंटी शिल्लक आहे का बघा, कारण उघडलेला कंट्रोलर कंपनी बहुधा परत घेत नाही. वॉरंटी संपली असेल तर दांडीच्या मुळाशी कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा मारा, दांडी गोल गोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. बॅटरी काढता येत असेल तर आधी काढा. स्वयंपाकघरातलं तेल चुकूनही नको, त्याने धूळ चिकटून बसते. झिजलेला कार्बन मात्र कुठल्याच फवाऱ्याने परत येत नाही. तेव्हा दांडीचं मॉड्यूल बदलावं लागतं. बहुतेक कंट्रोलरमध्ये ते 14 ठिकाणी डाग देऊन बसवलेलं असतं. सोल्डरिंगचा हात असेल त्यानेच ते करावं, नाहीतर सगळा बोर्ड जातो.

बदलायचंच असेल तर हॉल इफेक्टचं मॉड्यूल बसवा, आणि नवा कंट्रोलर घेतानाही हाच शब्द खोक्यावर शोधा. एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1879 मध्ये दाखवलं की वीज वाहणाऱ्या पट्टीवर चुंबकाचा प्रभाव पडला की आडव्या दिशेने दाब तयार होतो. या दांडीत चुंबक हलतो आणि जवळचा सेन्सर त्याचा प्रभाव मोजतो. काही घासत नाही, म्हणून काही झिजत नाही. कल्पना नवी नाही, सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये ती 1998 मध्येच होती. स्प्रिंग इथेही थकते, हे लक्षात असू द्या. तरीही ज्या घरात दोन-तीन मुलं एकच कंट्रोलर वापरतात तिथे थोडे जास्त पैसे देऊन हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठल्या खेळाला काय घ्यायचं, तेही याच प्रश्नातून सुटतं. जुने आर्केडचे आणि लढाईचे खेळ असतील तर स्विचवाली दांडी. फुटबॉल, साहसाचे खेळ असतील तर अंगठ्यांच्या दोन दांड्यांचा नेहमीचा कंट्रोलर. विमान उडवण्याचा खेळ असेल तर टेबलावर ठेवायची पूर्ण उंचीची दांडी, जी पिळली की विमानाचं नाकही डावी-उजवीकडे वळतं. मूल डावखुरं असेल तर दोन्ही हातांना चालणारी दांडी मागा. बऱ्याच दांड्यांची मूठ उजव्या हातासाठीच घडवलेली असते, आणि डावखुऱ्या मुलाला आपलाच हात चुकतोय असं वाटत राहतं.

विमानाचा विषय निघालाच आहे तर इथून तासाभरावरच्या फोर्ट वर्थकडे बघा. तिथल्या कारखान्यात अनेक दशकं एफ-16 लढाऊ विमानं बनत होती. 1974 मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या विमानाची दांडी वैमानिकाच्या उजव्या हाताशी आहे आणि सुरुवातीला ती हलतच नव्हती. ती फक्त हाताचा जोर मोजायची. वैमानिकांना आपण नेमकं किती ओढतोय याचा अंदाज येईना, म्हणून पुढे तिला अगदी थोडी हालचाल दिली गेली. यंत्राला गरज नव्हती, माणसाच्या हाताला होती. प्रवासी विमानांत अशी बाजूची दांडी एअरबस ए320 ने रुळवली. ते 22 फेब्रुवारी 1987 रोजी पहिल्यांदा उडालं. दांडी सोडली की ते आहे त्या स्थितीत उडत राहतं. दोन वैमानिकांच्या दोन दांड्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. दोघांनी एकदम हलवल्या तर दोन्ही आज्ञांची बेरीज होते आणि ‘ड्युअल इनपुट’ असा इशारा ऐकू येतो. मग एकजण दांडीवरचं लाल बटण दाबून ताबा घेतो.

पोकलेनच्या दोन दांड्यांत बहुधा तेलाचा दाब काम करतो: दांडी छोटा व्हॉल्व्ह उघडते आणि तो मोठ्या व्हॉल्व्हला हुकूम देतो. सगळ्यात रूढ पद्धतीत डाव्या दांडीने वरचा भाग फिरतो आणि पुढचा हात आत-बाहेर जातो, उजवीने मुख्य बूम आणि बकेट चालतात. पण दुसरीही पद्धत वापरात आहे. दुसऱ्याच्या यंत्रावर बसणाऱ्या ऑपरेटरने रिकाम्या जागेत हे तपासल्याशिवाय खोदायला लागू नये.

ड्रोन उडवणाऱ्यांनीही असाच प्रश्न आधी विचारावा. कॅमेऱ्याच्या ड्रोनची डावी दांडी सोडली की मध्यावर येते आणि ड्रोन हवेत त्याच उंचीवर थांबतो. शर्यतीच्या ड्रोनची ठेवाल तिथेच राहते, सोडली तरी मोटारी फिरतच राहतात. एकाची सवय घेऊन दुसरा हातात घेतला तर तो झाडात जातो. अमेरिकेत छंद म्हणून उडवायचा असेल तरी ट्रस्ट नावाची मोफत ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. 250 ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनची नोंदणीही लागते. मुलाच्या वाढदिवसाला ड्रोन देण्याआधी हे करून ठेवा.

आता व्हीलचेअर. माझ्या मते जॉयस्टिकचा याहून मोठा उपयोग नाही, आणि घरोघरी सगळ्यात कमी विचार याच दांडीचा होतो. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये जॉर्ज क्लाइन यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रिक व्हीलचेअर विकसित केली. आजच्या खुर्चीची दांडी ‘कुठे’ आणि ‘किती’ दोन्ही सांगते. थोडी ढकलली की खुर्ची हळू जाते, जास्त ढकलली की वेगात. सोडली की मोटारी थांबतात आणि ब्रेक लागतो. म्हणून घरातल्या प्रत्येकाने पहिला धडा हाच घ्यायचा: घाबरलात की हात उचला. घाबरलेला माणूस नेमका दांडी घट्ट धरून ठेवतो. मोकळ्या अंगणात आधी फक्त सोडण्याचा सराव करा.

खुर्ची सुरू करताना दांडीला हात नको. सुरू होतानाच दांडी मध्यावर नसेल तर खुर्ची चूक दाखवते आणि हलत नाही, आणि लोक समजतात बिघडली. बसताना आणि उठताना वीज बंद ठेवा. साडीचा पदर, शालीचं टोक, स्वेटरची बाही दांडीत अडकून खुर्ची चालू पडणं हा खरा धोका आहे. खुर्ची हाताने ढकलायला मोटारी मोकळ्या करायचा खटका असतो. तो उतारावर मोकळा असेल तर ब्रेक लागणार नाही, हे मदतनीसालाही सांगा. विमानाने नेणार असाल तर एअरलाइनला बॅटरीचा प्रकार आधी कळवा आणि सामानात देण्याआधी दांडीचा भाग काढून घ्या किंवा जाड गुंडाळा. पहिलं तुटतं ते तेच.

हात थरथरत असेल, एका बाजूला जोर कमी असेल, बोटं वळत नसतील, तरी खुर्ची चालवता येते. बहुतेक इलेक्ट्रिक व्हीलचेअरमध्ये कमाल वेग, वळण्याचा वेग, वेग पकडण्याची गती, डेड झोन आणि थरथर गाळण्याची सोय तंत्रज्ञाला बदलता येते. दांडी डाव्या हाताला लावता येते, तिचा गोळा बदलून मोठा करता येतो, हनुवटीने चालवता येईल अशीही बसवता येते. खेळातही आता हा विचार आला आहे. मायक्रोसॉफ्टच्या 2018 च्या एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरला बाहेरची बटणं जोडायला 19 जागा आहेत, आणि यूएसबीवर ज्याला जशी जमेल तशी दांडी लावता येते. फ्रिस्कोत किंवा फलटणमध्ये, खुर्ची घरी आली की ज्याच्यासाठी ती घेतली त्याला तिच्यात बसवा, त्याच्याच हाताने अंगणात एक फेरी मारू द्या, आणि हे सगळं त्या हाताला जुळवून घेतल्याशिवाय आणणाऱ्याच्या कागदावर सही करू नका.